‘द फॉरसाइट सागा’च्या संचात शेवटचे भागच नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘द फॉरसाइट सागा’ (१९६७) या बीबीसीच्या इंग्रजी मालिकेचा सदोष डीव्हीडी संच बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आगाऊ पैसे भरून तुमच्याकडून हा संच मागवला. वेष्टनावर ‘संपूर्ण २६ भाग’ असं छापलं आहे. शेवटच्या डिस्कवर भाग २४ ते २६ असं लिहिलंय, पण ती लावली की २१वा भाग सुरू होतो. म्हणजे आदल्याच डिस्कची ही दुसरी प्रत आहे.

संच मावशीसाठी घेतला होता. साठच्या दशकात ती बर्मिंगहॅमला नर्स होती. मालिका आधी बीबीसी टूवर लागली. ते चॅनेल घरमालकिणीच्या जुन्या टीव्हीवर दिसत नसे. सप्टेंबर १९६८पासून दर रविवारी संध्याकाळी ती बीबीसी वनवर पुन्हा लागली, तेव्हा मावशीने घरमालकिणीच्या शेजारी बसून पाहिली. काही चर्चनी तर त्या मालिकेपायी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली होती. १९६९मध्ये शेवटचा भाग सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. मावशी त्या संध्याकाळी वॉर्डात ड्यूटीवर होती.

शेवटच्या भागातली चित्रदालनाला लागलेली आग, मुलगी फ्लूरला वाचवताना नायक सोम्सचा झालेला अंत, हे तिने गॉल्सवर्दींच्या मूळ कादंबरीत वाचलंय. सोम्स झालेल्या एरिक पोर्टरने ते कसं साकारलं, एवढंच तिला बघायचं होतं. शेवटची डिस्क लावायची त्या दिवशी दुपारीच चष्मा पुसून ती टीव्हीसमोर बसली होती. २१वा भाग सुरू झाल्यावर म्हणाली, “अगं, हे तर झालंय.” मी तीनदा डिस्क काढून घातली.

दुसरं म्हणजे, चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी ताणलंय. सोम्सच्या बायकोचा, आयरीनचा निमुळता चेहरा पसरट दिसतो. टीव्हीचं सेटिंग तपासलं. बाकीच्या जुन्या डीव्हीडी नीट दिसतात.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, “मॅडम, जुनी सिरीयल आहे, क्वालिटी अशीच असते.” मालिका कृष्णधवल आहे हे आम्हाला माहीत आहे, आम्ही रंग मागत नाही. पण भाग गायब असण्याचा आणि मालिका जुनी असण्याचा काय संबंध?

पंधरा दिवसांत मूळ आकारातल्या चित्राचा, सगळे २६ भाग असलेला संच पाठवावा. पाठवण्यापूर्वी शेवटची डिस्क लावून बघावी. तसा संच नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. पावती आणि डिस्कचे फोटो सोबत जोडले आहेत.

मावशी आता ८३ वर्षांची आहे. कृपया उशीर करू नका.

आपली,
एक ग्राहक, पुणे