श्रीलंका सहल : रविवारी बैठक, पासपोर्ट घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

पाच दिवसांच्या श्रीलंका सहलीचं पक्कं करायला येत्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता मारुतीच्या पारावर बसू. पाणी आलं तर शाळेच्या वऱ्हांड्यात. डवरण-निंदण आटोपलं की श्रावणात निघायचं आणि पोळ्याच्या आधी घरी. बैल सजवायचे सोडून कोणी येणार नाही, हे ठाऊक आहे.

"भर पावसाळ्यात कशाला?" असं बरेच जण विचारतात. मे ते सप्टेंबर तिथला नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉलच्या बाजूला कोसळतो. मधल्या डोंगरांमुळे पूर्वेचं त्रिंकोमाली त्या दिवसांत बरंचसं कोरडं असतं. म्हणून जास्त मुक्काम तिकडेच, कोणेश्वराचं दर्शनही होईल. परतीच्या आदल्या रात्री मात्र कोलंबोतच राहू. पावसात रस्ता अडला तर विमान चुकायला नको.

• पासपोर्टची मुदत किमान 6 महिने उरलेली हवी. ज्यांचा नाही त्यांनी रविवारची वाट न पाहता अर्ज करावा.
• बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत.
• रेनकोट, पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम. डेंग्यू तिथेही आहे.
• वावरातले गमबूट कृपया घरीच ठेवा.

येणार की नाही, शनिवारपर्यंत कळवा. घरच्यांना विचारूनच.