पोत्यातल्या पावडरीचे नाव कामगाराला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत झालेल्या कार्यक्रमांची सविस्तर बातमी आपल्या दैनिकात वाचली. हेल्मेट घालून शपथ घेणारे कामगार, पेटवलेला टायर नळकांड्याने विझवून दाखवणारा जवान, अशी छायाचित्रेही सोबत होती. बातमीबद्दल तक्रार नाही. मात्र आग कशी विझवावी हे दरवर्षी शिकवणाऱ्या या सप्ताहात, वस्तू पेटूच नये म्हणून तिच्यात जे रसायन कालवले जाते ते रोज हाताळणाऱ्या माणसांविषयी मी माझ्या २२ वर्षांच्या नोकरीत एकदाही काही ऐकले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वायर-केबलचे आवरण, स्विचची खोकी, गाड्यांच्या वायरिंगचे कनेक्टर यांसाठी लागणारा प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी उत्पादन पर्यवेक्षक होतो. ज्या मालाने पेट घेऊ नये अशी गिऱ्हाइकाची अट असते, त्याला आमच्याकडे ‘एफआर माल’ (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे अग्निरोधक) म्हणत. एफआर लागला की मिक्सरवरचा माणूस अग्निरोधक पावडरीचे पंचवीस किलोचे पोते खांद्यावरून हॉपरच्या, म्हणजे यंत्रात माल ओतण्याच्या तोंडाच्या, कडेवर टेकवायचा, विळ्याने त्याची शिवण कापायचा, पोते उलटे करायचा आणि शेवटी तळाला राहिलेली पावडर वाया जाऊ नये म्हणून ते दोन्ही हातांनी जोरात झटकायचा. ही पावडर मैद्याहून बारीक आणि पांढरीशुभ्र असते. पाळी संपताना त्या माणसाच्या भुवया आणि पापण्या पिठाच्या गिरणीत काम केल्यासारख्या दिसायच्या. तोंडाला बांधलेला रुमाल त्याचा स्वतःचा असायचा आणि नाकाच्या जागी त्यावर ओलसर पांढरा ठिपका पडलेला असायचा.

ही पावडर निरुपयोगी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उष्णता लागली की तिच्यातले ब्रोमिन सुटे होते आणि ज्वाळेला पुढे नेणारे जे अतिक्रियाशील कण असतात, त्यांना अडवून ज्वाळा मारते. जोडीला घातलेले अँटिमनी ट्रायऑक्साइड हे काम अधिक परिणामकारक करते. आगीची भीती काय असते हे वाळूजला कुणी सांगायला नको. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे येथे हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्यात झोपलेल्या ६ कामगारांचा आगीत मृत्यू झाला, तेव्हा आमच्या गल्लीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. वायर पेटू नये, बसचे आसन पेटू नये, हे योग्यच आहे. प्रश्न एवढाच आहे की, त्यासाठी जो माणूस हॉपरवर उभा राहतो त्याच्या शरीरात काय जाते, याची नोंद कोण ठेवतो?

आमच्याकडे सर्वाधिक वापरात होता तो डेकाब्रोमोडायफेनिल इथर, म्हणजे आमच्या भाषेत ‘डेका’. हा प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडला जात नाही, नुसता मिसळलेला असतो, त्यामुळे पोते फोडताना जसा तो उडतो तसाच पुढे रनर (साच्याच्या वाहिनीत उरलेले प्लास्टिक) आणि रद्द माल ग्राइंडरमध्ये दळतानाही धुळीत येतो. या कुळातील रसायनांची रचना आपल्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे आणि त्यांचा त्या ग्रंथीच्या कार्यावर होणारा परिणाम हा संशोधकांच्या चिंतेचा विषय राहिला आहे. अँटिमनीबद्दल सांगायचे तर, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये त्रिसंयुजी अँटिमनी संयुगांना (अँटिमनी ट्रायऑक्साइड त्यांतलेच) ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. निसर्गात वर्षानुवर्षे न विरघळणाऱ्या रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने डेकाच्याच कुळातील पेंटा आणि ऑक्टा २००९ मध्ये आणि डेका २०१७ मध्ये बंदीच्या यादीत घेतले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयी नियम काढले आणि ७ रसायने थांबवली, त्यांत पेंटा, ऑक्टा आणि थर्माकोलमध्ये वापरले जाणारे हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन होते; डेका त्या सातांत नव्हता. ई-कचऱ्याच्या नियमांत विद्युत उपकरणांतील अशा रसायनांवर वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे खरी, परंतु ती मर्यादा उपकरणासाठी आहे. त्याचे प्लास्टिक बनवणाऱ्याच्या नाकातोंडात किती गेले तर चालेल, याबद्दल ती काही सांगत नाही.

निर्यातीच्या गिऱ्हाइकांनी ‘डेका-फ्री’ माल मागायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे दुसरी पावडर आली. तीही पांढरी, तीही ब्रोमिनचीच आणि डेकाची जवळची नातेवाईक. कागदोपत्री हा मोठा बदल होता. मिक्सरवरच्या माणसाला मात्र फक्त पोत्यावरच्या छपाईचा रंग बदललेला दिसला, कारण त्यावरची अक्षरे इंग्रजी आणि चिनी होती. सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात, ते कार्यालयातील कपाटात फाइलला लावलेले होते आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर येत असे. ते वाचून त्या माणसाला मराठीत समजावणे हे माझे काम होते. मी ते केले नाही, हे आज कबूल करतो.

मास्क दिले की झाले, असा एक समज व्यवस्थापनात असतो आणि तो अपुरा आहे. या रसायनांच्या बाबतीत हाताला लागलेली धूळ तोंडात जाणे हा मोठा मार्ग आहे. आपल्याकडे त्याला तंबाखूची जोड मिळते. आमच्या मिक्सरवरचा एक जण दर दोन तासांनी यंत्राच्या आडोशाला जाऊन डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायचा, डबीतला चुना लावायचा आणि अंगठ्याने मळायचा. त्या तळहातावर चुना कोणता आणि पावडर कोणती हे सांगता आले नसते. मळलेली चिमूट थेट ओठाखाली जायची. उन्हाळ्यात पाणी तुटले की हात धुण्याच्या नळावर पहिली कात्री लागायची, शीतकरणाच्या टाकीवर नाही. साबण तर मी तेथे अधिकाऱ्यांच्या भेटीखेरीज पाहिला नाही.

या धुळीला आवर घालता येतो, याचा पुरावा जुना आहे. स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी विद्युत उपकरणे सुटी करणाऱ्या कामगारांच्या रक्तात या कुळातील रसायनांचे प्रमाण रुग्णालयातील सफाई कामगार आणि संगणकावर बसणारे कारकून यांच्यापेक्षा पाच ते सात पट आढळले, आणि सुटीच्या काळात ते घटलेले दिसले. डेका तर रक्तातून सुमारे पंधरा दिवसांत निम्म्यावर येतो. त्याच्या कमी ब्रोमिन असलेल्या भावंडांना मात्र कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणजे संपर्क कमी झाला की प्रमाण उतरते; म्हणून धूळ जागीच ओढून घेणारा पंखा, बंद हॉपर, पाणी, साबण आणि कपडे बदलण्याची खोली एवढ्याने फरक पडतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आमच्या मिक्सरवर अकरा वर्षे काढलेल्या एकाला पुढे थायरॉईडची गोळी सुरू झाली. ती पावडरीमुळेच सुरू झाली, असा दावा मी करणार नाही. हा आजार पावडर न पाहिलेल्यांनाही होतो. पण ईएसआयच्या दवाखान्यात केसपेपर काढताना त्याला ‘काम काय?’ असे विचारले गेले, त्याने ‘कंपनीत आहे’ असे सांगितले आणि तेवढेच लिहिले गेले. आपल्याकडे अर्धे शहर कंपनीत असते. त्याला स्वतःलाच पावडरीचे नाव ठाऊक नव्हते, तर डॉक्टरांनी ते कोठून लिहावे? कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस हे कळवणे बंधनकारक असलेले आजार होते, हवेतील ब्रोमिन वायूला कमाल मर्यादाही होती, परंतु डेकासारख्या अग्निरोधकांना तेथे स्वतंत्र मर्यादा नव्हती. यादीत नाही म्हणून मोजले जात नाही आणि मोजले जात नाही म्हणून यादीत येत नाही, असे हे चक्र आहे.

कायद्यात आधार मुळीच नाही असेही नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा आरोग्य व सुरक्षेविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे आणि मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूदही तीत आहे. अडचण अशी की, मिक्सरवर बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. गेवराई, पैठण, गंगापूर या भागांतून आलेला, ऊसतोडीचा हंगाम नसला की चार-सहा महिने राहणारा हा माणूस माहिती मागायला कार्यालयाची पायरी चढेल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. म्हणून त्याने न मागता त्याला ती मिळाली पाहिजे. पोत्यावर किंवा निदान हॉपरशेजारच्या भिंतीवर रसायनाचे नाव आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये ही सूचना मराठीत व हिंदीत ठळक असावी. कामगाराच्या हजेरी कार्डावर तो कोणते रसायन हाताळतो ते लिहावे आणि ईएसआयच्या केसपेपरवर ‘कंपनी’ऐवजी तेच उतरवले जावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मनावर घेतले, तर यासाठी नवा कायदा लागणार नाही.

कारखान्यांनी कामाचे कपडे कारखान्यातच धुवावेत, ही मागणी काहींना चैनीची वाटेल. ते कपडे घरी मुलांच्या शाळेच्या गणवेशासोबत एकाच बादलीत भिजतात, एवढे सांगितले तरी पुरे. आणि रिकाम्या पोत्यांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. आतल्या पिशवीसह ती पोती मजबूत असत, म्हणून पावसाळ्याआधी कामगार ती मागून नेत: गळक्या पत्र्याखाली लावायला, ज्वारी भरायला, अंगणात बसायला. कामगारांना तेवढीच मदत, या भावनेने मी दरवर्षी त्यांचे गेटपास केले. गेल्या महिन्यात गंगापूर तालुक्यातील एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. तूर भरलेले तसेच एक पोते माजघरात होते आणि त्याची छपाई अजून वाचता येत होती. ते रिकामे करून जाळू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका, असे मी त्यांना सांगितले. मग त्याचे काय करायचे, असे वहिनींनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. वापरलेली पोती परत घेण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकता येईल का, याचा खुलासा प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्या दैनिकातून केला, तर त्यांना ते कळवता येईल.

आपला,
एक निवृत्त उत्पादन पर्यवेक्षक
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)