वहीतच राहिलेल्या पटांविषयी

इंदूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. माझ्या जुन्या वहीतले बैठे खेळ आता तरी छापावेत, हा तुझा आग्रह समजला. परंतु पैशाअभावी ते राहिले, हा तुझा समज बरोबर नाही. त्यांतले बहुतेक अशासाठी थांबले की, कथा कितीही रंगली तरी पटावर बसलेल्याला स्वतः ठरवण्याजोगे फारसे उरत नव्हते.

अफूचा पटच घे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू चीनकडे जात असे आणि व्यापाऱ्यापुढे दोन वाटा असत: ईस्ट इंडिया कंपनीला पेटीमागे शुल्क भरून परवान्यानिशी माल मुंबईस धाडायचा, किंवा राजपुताना आणि सिंधमार्गे कराचीला नेऊन तेथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला उतरवायचा. दुसरी वाट लांबची आणि जोखमीची, पण कंपनीचे शुल्क चुकवणारी. याहून चांगला पेच मला कल्पनेनेही रचता आला नसता. मात्र १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकले, कराचीची वाट मिटली आणि परवान्याचे शुल्क चढत गेले. पटावर ते साल आले की सगळे एकाच रस्त्याला लागत आणि उरलेला डाव नुसते फासे टाकण्यात जाई. तेथेच डाव संपवावा, तर शेवट ठाऊक असलेला प्रत्येक जण आधीच सारा माल कराचीकडे लोटून मोकळा होई. साल चिठ्ठीत झाकून ठेवावे, तर सगळा कारभार नशिबाच्या हाती. इतिहासानेच पेच सोडवून टाकला, तेथे नियम काय करणार?

येथल्या सराफा बाजारावरच्या खेळाबद्दल थोडक्यात सांगतो. दिवसा दागिन्यांच्या पेढ्या आणि रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस नि गराडू अशा खाण्याची दुकाने, ही कल्पना ऐकणाऱ्याला लगेच आवडते. पण सराफाने दिवसभर काय केले, याने रात्रीच्या दुकानदाराला काहीच फरक पडत नसे, म्हणजे एका डब्यात दोन खेळ. मुलांसाठी तो सोपा करावा, तर चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, आणि शंभरेक प्रतींसाठी तो खटाटोप कोण करील?

खरी हळहळ वाटते ती गंजिफ्याची, म्हणजे त्या जुन्या पत्त्यांच्या खेळाची. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे बारा-बारा, असे १२० पत्ते. राजा आणि प्रधान यांच्या खालोखाल पाच अवतारांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी (पहिले पान टाकण्याचा मान), रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. मी एवढेच योजले होते की, डाव चालू असतानाच सूर्यास्त व्हावा आणि त्या क्षणी पानांचा वरचढ क्रम उलटावा. सूर्यास्त केव्हा करायचा, हे खेळाडूंनी आपली पाने खर्चून ठरवायचे. हा खेळ खेळून पाहिला तेव्हा चांगला चालला. पण येथल्या छापखान्यात एका तावावर ५४ पत्ते बसत. दोन तावांत १०८ झाले, आणि एकट्या कल्कीसाठी तिसरा ताव! चार अवतारांत ४८ पत्त्यांचा खेळ बसतो खरा, पण दशावतारांतले सहा वगळून तो कोणापुढे ठेवायचा? (आमच्या आईने तर पहिल्याच डावाला तो उधळला असता.)

तेव्हा छापायचेच असेल तर गंजिफा छाप आणि बडोद्यात तावाचा मोठा आकार कोठे मिळतो का, याची चौकशी कर. अफूच्या पटाची पाने सोबत पाठवीत आहे. चौघांना बसवून १८४२ पर्यंतचा डाव खेळून पाहा आणि पुढच्या सालांसाठी काही तोड सुचली तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
इंदूरकर मित्र