नुसते पान उघडले तरी पुरे

महोदय,

केळीच्या फळपीक विम्याचा अर्ज भरण्यासाठी धाकट्या भावासोबत तालुक्यातील एका सेवा केंद्रात गेलो असता, तेथील संगणकावर विंडोज ७ आणि त्यात क्रोम या ब्राउझरची (संकेतस्थळे उघडण्याच्या प्रोग्रामची) १०९ वी आवृत्ती चालू असलेली मला दिसली. आमचा सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक त्याच संगणकावर स्कॅन झाले. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टची मदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली आणि २०२३ च्या आरंभी क्रोमनेही त्या प्रणालीला नव्या आवृत्त्या देणे थांबवले. त्यामुळे नंतर उघडकीस आलेले दोष तेथे दुरुस्त झालेले नाहीत.

केंद्रचालकाने मनापासून सांगितले की, ‘दादा, आम्ही अनोळखी लिंक उघडतच नाही.’ ही काळजी योग्यच आहे, पण अपुरी आहे. ब्राउझर प्रत्येक चित्रासाठी मेमरीत ठरावीक जागा राखून ठेवतो. मुद्दाम बिघडवलेल्या चित्रातील माहिती त्या जागेत मावली नाही, तर पाटाचे पाणी बांध ओलांडून शेजारच्या वाफ्यात शिरावे तशी ती बाजूच्या जागेत लिहिली जाते आणि दूर बसलेल्या हल्लेखोराला आपल्या आज्ञा तेथे चालवण्याची संधी मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या सामाईक लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, असाच दोष सापडला आणि क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरना तातडीने दुरुस्ती काढावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये सापडलेल्या दोषात, काम संपल्यावर मोकळी करून परत केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली जात होती. हल्लेखोरांनी त्याला विंडोजमधील दुसऱ्या दोषाची जोड दिली, तेव्हा वापरणाऱ्याने पान उघडण्यापलीकडे काहीही करण्याची गरज उरली नाही. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये स्वतःच मांडले होते की, त्यांच्याकडील गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरी हाताळण्यातील चुकांमुळे होतात. म्हणजे असे दोष पुढेही निघत राहणार आणि दुरुस्ती वेळेवर घेणे हाच सामान्य माणसाच्या हातातला उपाय आहे.

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादक असो की नंदुरबारच्या पाड्यावरून दाखल्यासाठी आलेले कुटुंब, आपली कागदपत्रे कोणत्या संगणकावर चढतात हे पाहण्याची सोय त्यांच्याकडे नाही. म्हणून जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हा प्रशासनांना माझी विनंती आहे की, केंद्रांची तपासणी करताना दरफलकाबरोबर संगणकाची प्रणाली आणि ब्राउझरची आवृत्तीही पाहावी. केंद्रचालकांवर केवळ कारवाईचा बडगा मात्र उगारू नये. एका अर्जामागे मिळणाऱ्या पैशांत नवा संगणक घेणे अनेकांना झेपणारे नाही, शिवाय अंगठ्याचे यंत्र आणि जुना स्कॅनर नव्या प्रणालीवर चालेल की नाही ही त्यांची धास्ती खरी आहे. त्यासाठी अनुदान किंवा सुलभ कर्ज द्यावे.

ज्यांच्याकडे चालू आवृत्ती आहे, त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुरुस्ती आपोआप उतरली तरी ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ती लागू होत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत आमच्याकडील केंद्रांत ब्राउझर सकाळपासून रात्रीपर्यंत उघडाच असतो. केंद्राचे शटर उघडल्यावर, पहिला अर्ज घेण्याआधी, ‘अबाउट क्रोम’ उघडून आवृत्ती तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

— एक निवृत्त शिक्षक, ता. रावेर, जि. जळगाव