प्रश्नावली वाचणाऱ्याला बेळगावी ‘खरं’ कळायला हवं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते बेळगावात नव्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मिरज, कोल्हापूर, नाहीतर थेट परळचे टाटा गाठणाऱ्या सीमाभागातल्या माणसांना आता जवळ सोय होते आहे. उपचार इथे झाले की पुढची फेरतपासणीही इथेच होणार आणि बऱ्या झालेल्यांच्या मनाचे काय चालले आहे याचे अभ्यासही इथेच होणार. त्या अभ्यासात रुग्णासमोर प्रत्यक्ष बसतो तो संशोधन सहायक: बहुधा मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. झालेला, विशी-पंचविशीतला. त्याच्या हातून नेमके काय निसटते हे त्याला नेमणाऱ्या प्राध्यापकांना, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

सुरुवात एका शब्दापासून करतो. येळ्ळूर-कंग्राळीकडचे आजोबा म्हणतात, ‘झोप लागतीया खरं...’ आणि थांबतात. बाहेरून आलेला सहायक ‘खरंच लागते’ असे समजून ‘अजिबात त्रास नाही’ या चौकोनात खूण करून पुढे जातो. इथल्या बोलीत वाक्याच्या शेवटी आलेले ‘खरं’ म्हणजे ‘पण’. आजोबांचे वाक्य अर्धेच झाले आहे. रात्री दोनला जाग येते आणि परत गाठ आली तर काय, या विचाराने उजाडेपर्यंत डोळा लागत नाही, हे अजून सांगायचे आहे. अशा वेळी सहायकाने फक्त ‘खरं काय?’ एवढे विचारून गप्प बसावे. तसेच ‘नैराश्य’, ‘चिंताग्रस्त’ हे छापील शब्द. लोक म्हणतात जिवाला घोर लागलाय, मन लागंना, अंगात दम न्हाई.

मग प्रश्नाचेच शब्द बदलावेत का? नाही, आणि इथेच अनेक जण चुकतात. कर्करोगाच्या अभ्यासात जगभर वापरली जाणारी ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही जगण्याचा दर्जा मोजणारी तीस प्रश्नांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. तिचे भाषांतर ठरलेल्या पद्धतीने होते: दोघांनी स्वतंत्रपणे केलेले भाषांतर, त्यांचा मेळ, परत इंग्रजीत उलट भाषांतर, मग रुग्णांवर चाचणी. सहायकाने परस्पर ‘सोपे करून’ विचारले की एका सहायकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. योग्य रीत अशी: प्रश्न छापला आहे तसाच वाचावा, कळला नाही तर तोच सावकाश पुन्हा वाचावा, मग चारही पर्याय पुन्हा वाचावेत. त्यापुढे काय बोलायचे याची वाक्ये आधीच लिहून, दहा-पंधरा स्थानिक रुग्णांवर पडताळून, सगळ्या सहायकांना एकसारखी द्यावीत. ‘म्हणजे जिना चढताना दम लागतो तसं का?’ असे स्वतःचे उदाहरण दिले की पुढचे उत्तर त्या उदाहरणाचे होते.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची पायरी. पहिल्या अठ्ठावीस प्रश्नांत १ म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि ४ म्हणजे ‘खूप’, त्यामुळे बरा असलेला माणूस ‘एक, एक’ म्हणत जातो. एकोणतिसावा आणि तिसावा प्रश्न एकूण तब्येतीचा आणि जगण्याच्या दर्जाचा. तिथे मोजपट्टी १ ते ७ अशी आणि उलटी: १ म्हणजे फार वाईट, ७ म्हणजे उत्तम. सवयीने इथेही ‘एक’ येते. शंभरपैकी गुण काढताना दोन्हीकडे १ असेल तर शून्य मिळतो, दोन्हीकडे ६ असेल तर ८३. ठणठणीत माणूस कागदावर मरणपंथाला लागलेला दिसतो. म्हणून अठ्ठाविसाव्यानंतर थांबावे, वेगळ्या रंगाचे कार्ड समोर ठेवावे, बदल मोठ्याने सांगावा. सुटलेल्या उत्तरांचेही असेच. एखाद्या गटातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे असतील तरच गुण काढता येतो. थकव्याचे तीन प्रश्न आहेत. दोन सुटले की त्या माणसाचा थकवा अभ्यासातून नाहीसा होतो. रुग्ण उठण्याआधी पान एकदा वरून खाली पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

मनाच्या त्रासासाठी कोणते साधन निवडायचे, हेही सहायकाला कारणासकट माहीत हवे. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ मोफत आणि छोटी आहे, पण तिच्यातले झोप, भूक, थकवा हे प्रश्न केमोनंतर कुणाचेही गुण वाढवतात. एचएडीएस या चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या चौदा प्रश्नांच्या प्रश्नावलीत शरीराची लक्षणे मुद्दाम वगळली आहेत. मात्र ती ज्याने त्याने वाचून भरायची. पर्यायांचा क्रम काही प्रश्नांत सुलट, काहींत उलट असतो, त्यामुळे वाचून दाखवताना गोंधळ होतो.

आता आपल्या भागाचे खास. इथे बोलायची भाषा आणि वाचायची भाषा एक असेलच असे नाही. घरात मराठी, शाळा कन्नड, असे तरुण खानापूर-निपाणीकडे कितीतरी आहेत. मराठी शाळेत चौथी झालेल्या त्यांच्या आईला देवनागरीच वाचता येते. खानापूरच्या काही गावांत घरची बोली कोकणी. आडनाव पाहून कागद पुढे करू नये. ‘बोलता कशात?’ आणि ‘वाचता कशात?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून दोन्ही नोंदवावेत. कन्नड फॉर्म हातात धरून मनातल्या मनात तिथल्या तिथे मराठी करून वाचणे हा प्रकार तर पूर्ण बंद व्हावा.

संमतीपत्राआधी एक काम असते. अनेक घरांत रुग्णाला ‘गाठ काढली’ एवढेच सांगितलेले असते. माहितीपत्रकाच्या मथळ्यात ‘कर्करोगातून बरे झालेल्यांचा अभ्यास’ असे छापलेले असेल, तर त्या माणसाला आपला आजार अनोळखी मुलाच्या हातातल्या कागदावरून कळतो. म्हणून रुग्णाला काय माहीत आहे, हे आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर आजार सांगण्याचा अधिकार सहायकाचा नाही. त्या दिवशी मुलाखत घेऊ नये. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, आणि नको म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही हे सांगितले पाहिजे.

निपाणी परिसर तंबाखूचा. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि ‘लाईट’ (रेडिएशन) घेतल्यावर जबडा पुरता उघडत नाही, तोंड कोरडे पडते. तीस प्रश्नांवर तोंड-घशाचे वेगळे पस्तीस प्रश्न जोडले की बोलून उत्तर देणे म्हणजे शिक्षाच. मोठ्या अक्षरातली कार्डे ठेवावीत, बोटाने दाखवू द्यावे, पाणी जवळ असावे, मध्ये थांबावे. त्या पस्तिसांत शरीरसंबंधांचेही प्रश्न आहेत. बाईला ते बाईनेच विचारावेत, सून शेजारी बसलेली असताना तर विचारूच नयेत. आजारपणाने पैशांची अडचण झाली का, याचे उत्तर मुलासमोर नेहमी ‘नाही’ असेच येते. नातेवाईकाला ‘दहा मिनिटं बाहेर बसा’ असे सांगणे हेही शिकवावे लागते. तो बसलाच, तर ‘मुलासमोर’ अशी नोंद करावी.

आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न: मेलेले बरे, असे मनात येते का? इथे शून्याखेरीज (शून्य म्हणजे ‘अजिबात नाही’) कोणतेही उत्तर आले तर काम त्याच तासाला करायचे. माणसाला एकटे सोडायचे नाही, ठरलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावायचा, भेटीची वेळ हातात द्यायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास आणि मोफत आहे. तो मोठ्या अक्षरात छापून द्यावा. फॉर्म गठ्ठ्यात बांधून महिन्याने गुण मोजायचे असतील, तर हा प्रश्न विचारायचा अधिकार कुणालाच नाही. फोन कुणाला करायचा हे नाव अभ्यासाच्या आराखड्यात नसेल, तर एथिक्स कमिटीने तो परत पाठवावा.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. सही किंवा अंगठा दिल्यावर माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या. ती तुमच्या भाषेत मिळायला हवी. आणि जांबोटी-कणकुंबीकडे जाणारी एसटी चुकणार असेल तर उठून जा. उरलेले प्रश्न पुढच्या ओपीडीला विचारता येतात. अभ्यासासाठीच वेगळे बोलावले असेल, तर प्रवासखर्च मागताना संकोच करू नका. मार्गदर्शक तत्त्वांत त्याची तरतूद आहे.

आपले,
आरोग्य-मानसशास्त्रात काम करणारे काही संशोधन सहायक,
बेळगाव