तैलचित्र तीन आठवड्यांत होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, वाचनालये, पतपेढ्या यांचे अमृतमहोत्सव आणि शतकमहोत्सव सध्या कोकणात जोरात आहेत. पत्रिकेत ‘संस्थापकांच्या तैलचित्राचे अनावरण’ ही ओळ ठरलेली. मंडप, जेवणवाले, पाहुणे सहा महिने आधी पक्के होतात. चित्रकाराला फोन येतो तो तीन आठवडे उरले असताना. सोबत व्हॉट्सॲपवर एक फोटो आणि एकच प्रश्न, चौरस फुटाला काय घेता?

माणूस समोर बसणार असेल तर खांद्यापर्यंतचे २० बाय २४ इंचांचे चित्र दीड-दोन तासांच्या सहा-सात बैठकांत होते. दर पंचवीस मिनिटांनी त्याला पाय मोकळे करायला उठवावे लागते, म्हणून खुर्चीचे पाय आणि त्याची पावले पहिल्याच दिवशी खडूने आखून घ्यायची. हात दाखवायचे तर बैठकाही वाढतात आणि पैसेही. उजेड उत्तरेचा आणि वरून येणारा हवा. आपल्याकडची छपरे खाली उतरलेली. त्यामुळे उजेड तांबड्या अंगणावरून उलटून हनुवटीखाली शिरतो आणि गळा भाजल्यासारखा लाल दिसतो. पावसाळ्यात तोच उजेड पोफळींतून हिरवा होऊन येतो. खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड कापडाने झाकला की निम्मे काम होते.

बहुतेकदा मात्र संस्थापक हयात नसतात आणि हाती असतो स्टुडिओतला जुना फोटो. खरा घोळ तिथे. जुन्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. त्यामुळे लाल पगडी आणि कपाळावरचे कुंकू फोटोत काळे उतरते, गोरा माणूस सावळा दिसतो, निळे काठ पांढुरके होतात. फोटोवर विसंबून काळी पगडी रंगवली की घरातली म्हातारी माणसे अनावरणाच्या दिवशी गप्प बसतात, एवढेच. त्यात निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसायची पद्धत होती. तो गुळगुळीत चेहरा खरा धरू नये. फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही पाहावे : नथ डाव्या नाकपुडीत असते, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. हयात व्यक्तीचा फोटो मोबाइलवर काढायचा असेल तर सात-आठ फूट लांब उभे राहून काढा. हातभर अंतरावरून काढला की नाक फुगते आणि कान मागे पळतात. फ्लॅश नको, सावल्याच मरतात.

मग घरच्यांची फर्माईश, ‘जरा उजळ करा’. पांढरा मिसळत गेले की कातडी पिठूळ होते. उजळपणा शेजारच्या सावलीतून येतो, पांढऱ्याच्या ट्यूबमधून नव्हे. बड्या लोकांची चित्रे करणाऱ्यांना असल्या फर्माईशी सगळीकडेच ऐकाव्या लागल्या. लंडनमध्ये ज्याच्यासमोर बसायला उमराव रांग लावत, त्या जॉन सिंगर सार्जंट या व्यक्तिचित्रकाराने ऐन भरात, १९०७ च्या सुमारास, अशी कामे घेणे जवळपास बंदच केले.

आता वाळण्याचे. तैलरंगात पाणी नसते की उडून जाईल; त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक मात्र बरेच दिवस चिकट राहतो, आणि संस्थापकांचा कोट नेमका काळाच असतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलकट हा क्रम घाईत उलटला की काही वर्षांत त्याच कोटावर भेगा पडतात. शेवटचे वार्निश किमान सहा महिन्यांनी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कधीच नाही. दमट हवेत लावलेल्या वार्निशवर निळसर धुरकट पापुद्रा येतो. तेव्हा दिवाळीला काम द्या, होळीपर्यंत चित्र घ्या, रिटच म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा एक पातळ हात मारून अनावरण करा आणि पुढच्या दिवाळीनंतर चित्रकाराला पक्क्या वार्निशसाठी पुन्हा बोलवा.

तीन दरपत्रके मागवून सर्वांत स्वस्त निवडले की हाती येतो कॅनव्हासवर छापलेला फोटो, वर पारदर्शक जेलचे फराटे. भिंगातून पाहिले तर शाईचे ठिपके दिसतात, आणि फराटे गालाच्या गोलाईबरोबर वळत नाहीत, कसेही जातात. छापील म्हणून घ्या, हरकत नाही. पण त्याला तैलचित्र म्हणू नका. सा. ल. हळदणकरांसारखा व्यक्तिचित्रकार १८८२ साली सावंतवाडीत जन्मला. निदान या मुलखात तरी हा फरक कळायला हवा.

टांगतानाही चुका होतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याची भिंत ओल धरून ठेवते. पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना इंचभर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळेल. मागची बाजू प्लायवुड ठोकून हवाबंद केली की बुरशी आलीच. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी लगेच ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो बहुधा आपोआप ताणला जातो, आणि आधीच ठोकलेल्या पाचरींनी रंग तडकतो. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शिपाई ओल्या फडक्याने चित्र पुसतो, तेही थांबवा. भेगांतून पाणी आत गेले की रंगाखाली कॅनव्हासला लावलेला सरसाचा थर फुगतो आणि रंगाचे पोपडे निघतात. मऊ कोरडा ब्रश पुरे.

आणि जयंतीला हार थेट चित्राच्या फ्रेमवर, उदबत्ती खाली, कुंकू कपाळावर. तैलचित्राला काच नसते. ते कुंकू सरळ रंगावर बसते, आणि पुसायला गेले की भुवईवर पसरते. पूजेसाठी काचेच्या फ्रेममधला लहान फोटो खाली टेबलावर ठेवा, हार-कुंकू त्यालाच वाहा.

– एक व्यक्तिचित्रकार, सावंतवाडी