पाळणाघर: आधी आकडा, मग पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगरपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत गल्लोगल्ली 'घरगुती पाळणाघर' अशा पाट्या दिसू लागतात. गरज खरी आहे. नवरा-बायको दोघंही कामाला, सासू-सासरे गावाकडे शेतीत, मग लेकरू ठेवायचं कुठं? २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली. पण दुकानात, क्लासमध्ये, छोट्या दवाखान्यात काम करणारीला तिचा उपयोग नाही. तिला शेजारची काकूच लागते. हे काम करणाऱ्या आम्ही काही जणी हे पत्र लिहीत आहोत, कारण नव्याने सुरू होणाऱ्या घरांत त्याच त्या चुका होतात आणि त्यांतल्या बहुतेक एकाच चुकीतून निघतात. किती लेकरं घ्यायची, हा आकडा आधी ठरवलेला नसतो.

आकडा जागेवरून ठरवू नये, हातांवरून ठरवावा. स्वयंपाकघरात धूर झाला तर एका फेरीत किती लेकरं बाहेर काढता येतील? न चालणारी दोन, एकेका कडेवर एक. चालणारी दोन-तीन, पदराला धरून. म्हणजे एकट्या बाईने पाच, त्यांत दीड वर्षाखालची दोनच. पूर्ण वेळ मदतनीस असेल तर आठ. त्यात आपली स्वतःची लेकरंही मोजायची, हे बहुतेक जणी विसरतात. मदतनीस दुपारी दोनला घरी जात असेल तर दोननंतरचा आकडा पुन्हा पाचच.

आता पाणी. मराठवाड्यात पाळणाघर चालवताना सगळ्यात जास्त विचार याचाच करावा लागतो. डायपर कमी वापरलं तर धुणं, पुसणं, शी-शू धरून एका लेकरामागे दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. सहा लेकरांचे १२० लिटर झाले. नळ आठ दिवसांनी येत असेल तर रविवार सोडून सात दिवसांचे ८४० लिटर घरच्या वापराशिवाय वेगळे साठवावे लागतात. आणि तो साठाच लेकराच्या जिवावर उठू शकतो. रांगतं-चालतं लेकरू वाकून बादलीत पाहतं, डोकं जड असल्यामुळे तोंडावर जातं आणि त्याला पुन्हा वर येता येत नाही. भरलेली बादली कलंडतही नाही. वीतभर पाणीसुद्धा पुरतं, आणि आवाज येत नाही. म्हणून हौदाला लोखंडी झाकण आणि कुलूप, ड्रमला आट्यांचं झाकण, रिकाम्या बादल्या पालथ्या, न्हाणीला लेकराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बाहेरून कडी. सगळ्यात धोक्याचा दिवस नळ येण्याचा. त्या तासाभरात घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं आणि उघडं असतं, मोठ्या माणसांचं लक्ष मोटारीकडे असतं. त्या वेळी पाणी भरणारं माणूस वेगळं आणि लेकरांपाशी बसणारं वेगळं हवंच. साठ्यात डासांच्या अळ्या व्हायला आठवडा पुरतो. नळ येण्याच्या आदल्या दिवशी ड्रम तळापर्यंत रिकामा करून आतून घासून कोरडा करावा. चिकटलेली अंडी नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

दुसरी गोष्ट कूलर. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाने तापणाऱ्या वरच्या मजल्यावर पाळणाघर काढूच नये, तळमजल्याची उत्तरेकडची खोली बघावी. तरीही एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कूलर लागतोच. पंपाच्या वायरचं आवरण झिजलं की करंट पाण्यात आणि पत्र्याच्या बॉडीत उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या लेकराने हात लावला की संपलं. साधी एमसीबी अशा वेळी पडत नाही, ती जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवावी, अर्थिंग तपासून घ्यावं, तीन पिनांचाच प्लग वापरावा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बटण कधी कधी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं, मग बंद करूनही करंट राहतो. कूलर खिडकीबाहेर ठेवावा आणि समोरची दुसरी खिडकी उघडी असावी. नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते आणि उलट उकाडा वाढतो.

सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूध पुरतं. ते शू कमी करत असेल, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, तर आईला लगेच फोन करावा. आईने काढून दिलेलं दूध आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावं. चार तास बाहेर टिकतं हा नियम साधारण २५ अंशांचा आहे, आपल्या मेचा नाही. एक वर्षाखाली मध चाटवायचा नाही, गुटीही नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोरं लेकरांच्या खोलीत येताच कामा नयेत. घास अडकलाच तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, घास आणखी आत जातो. वर्षाखालचं बाळ मांडीवर डोकं खाली करून पालथं धरावं आणि पाठीवर पाच थापा माराव्यात. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब द्यावेत आणि हेच आलटून पालटून करावं, तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पाळणाघर सुरू करण्याआधी एखाद्या डॉक्टरांकडून हे बाहुलीवर करून शिकून घ्या. वाचून हात बसत नाही.

औषधाचा नियम एकच: डॉक्टरांची चिठ्ठी आणि आईने वहीत लिहिलेली वेळ-मात्रा असेल तरच द्यायचं. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये मोठी गफलत होते. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५. सिरपच्या मापाने थेंब दिले तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. १०० फॅरनहाइटच्या वर ताप, दोन पातळ जुलाब, डोळे आलेले किंवा अंगावर पुरळ असेल तर लेकरू घरी. औषधाविना २४ तास ताप नसेल तरच परत घ्यावं. पालक चिडतात, पण एकाला सूट दिली की आठवड्यात सगळी आजारी पडतात.

लेकरू नेणाऱ्यांची नावं आणि फोटो पहिल्या दिवशीच घ्यावेत. 'मामा आलाय' एवढ्यावर लेकरू सोडू नये, आईला फोन करूनच सोडावं. आपल्या घरातल्या कोणाही पुरुषासोबत किंवा पाहुण्यासोबत लेकरू एकटं राहणार नाही, ही शिस्त घरच्यांना आधी सांगावी. काही गैर घडल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पोलिसांचा ११२ किंवा चाइल्डलाइनचा १०९८.

आणि हे सगळं मोडतं कशामुळे, तर फीमुळे. समजा मदतनीस ७,०००, खाणं ३,०००, वीज-पाणी २,०००, साबण-फिनेल १,०००, मोडतोड आणि शिल्लक १,०००. महिन्याचा खर्च १४,०००. सहा लेकरांची प्रत्येकी ३,५०० फी म्हणजे २१,०००. हातात ७,००० उरले. रोज दहा तास, सव्वीस दिवस, म्हणजे २६० तास, तासाला २७ रुपये. फी २,५०० ठेवली तर महिन्याला हजारच उरतात. मग बाई काय करते? मदतनीस काढते आणि दहा लेकरं घेते. वरची प्रत्येक चूक तिथून पुढे सुरू होते. त्यामुळे कमी फीच्या पाळणाघरात लेकरू ठेवताना पालकांनी खर्चाचा हा हिशोब एकदा स्वतः करून बघावा. दिवाळी आणि मे महिन्यात लेकरं मामाच्या गावाला जातात आणि फी बुडते, म्हणून जागा राखण्याची अर्धी फी करारातच लिहून घ्यावी. उशिरा नेण्याची दर अर्ध्या तासाची रक्कमही लिहावी, नाहीतर 'पाच मिनिटांत येते'चा रोज दीड तास होतो. सुरुवातीच्या आरसीसीबी, झाकणं, गाद्यांसाठी पैसे कमी पडत असतील तर छोट्या व्यवसायांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्जासाठी ती उपयोगी पडते.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या, पण गल्लीतल्या घरापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. आमची मागणी मोठी नाही. महापालिका आणि नगरपरिषदांनी प्रभाग कार्यालयात एक पानी मोफत नोंदणी सुरू करावी: पत्ता, लेकरांचा आकडा, मदतनीस आहे की नाही. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, कोणीतरी येऊन हौदाचं झाकण आणि कूलरचं अर्थिंग पाहून जावं. आणि मंजूर झालेला आकडा दारावरच्या पाटीवर, नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहायला लावावा.

आपल्या,
पाळणाघर चालवणाऱ्या काही जणी,
सिडको, छत्रपती संभाजीनगर